चौदा लाखांचा माळी

सकाळी आकडा एकोणऐंशी आला होता. दुपारी पुन्हा मांडला, तरी एकोणऐंशीच. बिनचूकरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पण तेवढ्याने एकोणऐंशीचे सत्तर होत नाहीत.

फुटबॉल क्लबाच्या हिशेबनिसाला फुटबॉल कळलाच पाहिजे असं काही नसतं, आणि बिनचूकरावांना तो कळतही नव्हता. क्लबाच्या कचेरीत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. 'ऑफसाइड' म्हणजे काय, हे बायकोने त्यांना तीनदा समजावून सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते "म्हणजे मुदतीआधीच वसुली" असं म्हणून पेपर वाचायला लागले होते. बेरीज मात्र त्यांची कधी चुकली नाही. म्हणून क्लबाच्या मालकांनी त्यांना बिनचूक म्हणायला सुरुवात केली, इतरांनी त्याला 'राव' जोडलं, आणि खरं नाव हजेरीपटावरच राहिलं.

मालक म्हणजे गादीशेठ. गावातल्या निम्म्या लोकांच्या पाठी रात्री त्यांच्या कारखान्यातल्या गाद्यांवर टेकत. ते बिनचूकरावांच्या खोलीत डोकावले.

"झालं का रे?"

"शेठ, नऊ टक्के जास्त होतायत."

"मग कमी कर."

"कसे करू?"

"ते तू बघ. कापूस कसा पिंजायचा हे मी तुला विचारायला येतो का?"

झालं होतं असं, की क्लब कर्ज काढून महागडे खेळाडू आणायचे आणि मग मैदानाचं वीजबिल थकवायचे. या खोडीला लीगची समिती कंटाळली होती. यंदापासून तिने नियमच काढला. महिन्याला शंभर रुपये आले तर खेळाडूंच्या पगारावर सत्तरच खर्च करायचे. जास्त झाले की सहा गुण कापणार. मैदान, लहान मुलांचं प्रशिक्षण असल्या गोष्टींवर मात्र हवा तेवढा खर्च करा, तो या सत्तरात धरायचा नाही. समितीचं म्हणणं असं, की गवतावर पैसे उधळून आजवर एकही क्लब बुडालेला नाही.

बिनचूकरावांच्या क्लबाकडे गुण होते एकूण अकरा. सहा गेले की क्लब खालच्या लीगमध्ये जाणार. खालच्या लीगला प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणून तिकीटविक्री नाही, आणि तिकीटविक्री नाही तिथे हिशेबनीस कशाला ठेवतंय कोण? बिनचूकराव बावन्न वर्षांचे होते. या वयात नवी नोकरी मिळत नाही, फार तर सल्ला मिळतो.

सगळ्या दुखण्याचं मूळ होता तोफ. तोफ म्हणजे क्लबाचा स्ट्रायकर, नऊ नंबरचा. पूर्वी म्हणे त्याने एका सामन्यात चार गोल डागले होते, तेव्हाचं हे नाव. त्याला महिना चौदा लाख होते. गेल्या अकरा महिन्यांत त्याने एकच गोल केला होता, आणि तोही आपल्याच जाळ्यात. त्याला विकायचा शेठनी पुष्कळ प्रयत्न केला. एका क्लबाने तर "फुकट दिलात तरी आम्हाला परवडणार नाही" असं उलट टपाली कळवलं होतं.

बिनचूकराव समितीचा नवा फॉर्म भरायला बसले. यात सगळ्या माणसांची एकच यादी द्यायची होती, क्रमांकानिशी. खेळाडूंना त्यांनी जर्सीचा नंबर दिला आणि नोकरमाणसांना हजेरीपटावरचा. मग संगणकाला सांगितलं, क्रमाने लाव. त्याने इमानदारीत लावली. एकाखाली एक, दोनखाली दोन, आणि नऊ नंबरच्या तोफेखाली हजेरीपटावरचे नऊ नंबरचे माळीकाका. आता समोरच्या रकान्यात पगार उतरवायचे, एवढंच राहिलं होतं. आठापर्यंत उतरवले आणि फोन वाजला.

"अहो, नळवाला आलाय," बायको म्हणाली. "पाण्याची मुख्य चावी कुठली? डावी की उजवी?"

"डावी."

"डावी म्हणजे टाकीकडे तोंड करून डावी की पाठ करून?"

"तोंड करून."

"तो पाठ करून उभा आहे."

"मग उजवी! नाही, थांब. त्याला आधी वळायला सांग."

"त्याने बंद केली. शेजाऱ्यांचं पाणी गेलं. ठेवा फोन."

बिनचूकरावांनी फोन ठेवला आणि डोक्यात डावं-उजवं घोळत असतानाच वरच्या नऊला अठ्ठावीस हजार आणि खालच्या नऊला चौदा लाख लिहून टाकले. पुढचे पगार भराभरा उतरवले, टक्केवारीची कळ दाबली. पडद्यावर आलं: पासष्ट पूर्णांक अठ्ठावीस.

एरवी चहावाल्याच्या बिलाची बेरीजसुद्धा तीनदा करणाऱ्या माणसाने हा आकडा खरं तर तपासायला हवा होता. पण माणसाला हवा असलेला आकडा समोर आला की त्याला "तू कुठून आलास?" असं विचारवत नाही. 'सकाळी आपलंच काहीतरी चुकलं असणार,' असं म्हणून त्यांनी फॉर्म पाठवून दिला. दोन दिवसांत समितीचं मंजुरीपत्र आलं. शेठनी त्यांच्या पाठीत थाप मारली आणि नेहमीचं बक्षीस म्हणून एक डबल गादी घरी पाठवली, आजवरची आठवी. ती दारातून आत जाईना, म्हणून बायकोने ती जिन्यात उभी करून ठेवली.

एक तारखेला त्याच यादीवरून बँकेतून पगार झाले.

तीन तारखेला तोफ कचेरीत आला. दारातून आत यायला एरवी त्याला वाकावं लागे, त्या दिवशी तो आधीपासूनच वाकलेला होता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"मला कळलं, साहेब," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"तुम्हाला जे सांगायचं होतं ते." त्याने फोन पुढे केला. बँकेचा संदेश होता. जमा, अठ्ठावीस हजार. "तोंडाने बोलला असतात तरी चाललं असतं. पण हे बरोबर आहे. माझी लायकी एवढीच आहे. उद्या सहाला मैदानावर हजर असतो."

"अरे, थांब, थांब..."

पण तो डोळे पुसत निघूनही गेला. बिनचूकरावांनी यादी उघडली. वरचा नऊ बघितला. खालचा नऊ बघितला. चौदा लाख माळीकाकांच्या खात्यात गेले होते आणि माळीकाका तीन दिवस कामावर आले नव्हते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

बिनचूकराव खोलीतून धावत बाहेर आले तर मैदानाच्या फाटकातून एक ट्रक आत येत होता. ट्रकच्या पुढे, एका चकचकीत हिरव्या यंत्रावर, माळीकाका बसले होते. ताठ. वरातीतल्या नवरदेवासारखे.

"काका! हे काय?"

"गवत कापायचं यंत्र. बसून चालवायचं." काकांनी यंत्र बंद केलं आणि खाली उतरून हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? सहा वर्षं अर्ज करत होतो. शेठ म्हणायचे, बघू. आणि तुम्ही एका शब्दाने न बोलता थेट खात्यात टाकलेत."

"अहो काका, ते चुकून..."

"तेच घरी बायको म्हणाली. चुकून आले असतील, हात लावू नका. मी म्हटलं, अगं, पाठवणारे बिनचूक साहेब आहेत. ते चुकतील कसे?"

बिनचूकराव मैदानाच्या पायरीवर बसले. काकांनी यंत्राच्या सीटखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पावत्या होत्या, तारीखवार लावून, टाचणी मारून.

"यंत्राचे सहा लाख चाळीस. फवारे नि पंप तीन दहा. पाणी निचऱ्याचे पाइप एक नव्वद. बी आणि खत एक पंच्याहत्तर. मैदान दाबायचा रूळ चाळीस हजार. माझा पगार अठ्ठावीस, तो तेवढा घेतला. उरले सतरा, ते डिझेलला ठेवलेत. बघा, जुळतंय का."

जुळत होतं. अगदी पैशाला पैसा. आपल्याच चुकीचा इतका नेटका हिशेब बिनचूकरावांनी जन्मात पाहिला नव्हता.

"काका, हे परत करता येईल का हो?"

"बी रात्रीच भिजत घातलंय, साहेब," काका म्हणाले. "ते कसं परत करणार?"

शेठना सांगायला जायचं बिनचूकराव उद्यावर ढकलत होते. पण जावं लागलंच नाही. दोनच दिवसांनी शेठ स्वतः हातात एक पत्र घेऊन आले.

"बिनचूक, ही समिती काय म्हणते बघ. 'आपल्या क्लबाचा मैदान-निगेवरील खर्च लीगमधील इतर सर्व क्लबांच्या एकत्रित खर्चाहून अधिक दिसतो. सबब चोवीस तारखेस प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.' मी गवतावर खर्च करतो? मी? मी कधी रे गवतावर खर्च केला?"

बिनचूकरावांनी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. नळवाला, डावी चावी, उजवी चावी, वरचा नऊ, खालचा नऊ. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यावर एक विचार उमटला.

"म्हणजे खरा हिशेब एकोणऐंशी?"

"हो."

"आणि तो सांगितला तर सहा गुण?"

"हो."

"मग तू ओठ शिवून बस. समितीचा माणूस पाहणीला येईल, गवत बघेल, जाईल."

"शेठ, मला खोटं बोलता येत नाही. घशात अडकतं."

"खोटं बोलू नको रे. गप्प बस. गप्प बसायला काय घसा लागतो?"

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकोणीस वर्षांत एक चूक केलीत, तीही एवढी मोठी! बाकीचे लोक थोडी थोडी करतात, त्यामुळे सवय असते." मग जरा वेळाने म्हणाली, "सांगून टाका हो सरळ. नाहीतर झोप लागायची नाही तुम्हाला. घरात आठ गाद्या असून."

पुढचे तीन आठवडे मैदानावर निराळाच प्रकार चालला. तोफ रोज पहाटे सहाला हजर व्हायचा आणि माळीकाका त्याला पेरलेल्या मैदानात पाऊल टाकू द्यायचे नाहीत.

"चेंडू घेऊन कुठे निघालात? कोंब येतायत."

"सराव करायचाय, काका."

"मग रूळ ओढा. त्याच्याइतका सराव नाही."

तोफ रूळ ओढायचा. उभा, आडवा, पुन्हा उभा. दुसऱ्या दिवशी बिनचूकरावांनी त्याला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. पगार म्हणजे शिक्षा नव्हती, नुसती चूक होती, उरलेले पैसे तुला मिळतील, काळजी करू नकोस. तोफ रुळाच्या दांड्यावर रेलून ऐकत राहिला.

"म्हणजे मला कुणी बोलत नव्हतं?"

"नाही रे बाबा."

"अकरा महिने गोल नाही, तरी कुणीच नाही?" तो नाराज झाला. "कुणीतरी बोलायलाच हवं होतं, साहेब. मी आपला रोज वाट बघत होतो." आणि तो पुन्हा रूळ ओढायला लागला.

चोवीस तारखेला समितीच्या तपासनीस बाई आल्या. बारीक अंगाच्या, केसांच्या अंबाड्यात लाल पेन खोचलेल्या. शेठनी चहा मागवला, बाईंनी पाणीही नको म्हणून सांगितलं आणि त्या थेट मैदानात गेल्या. मैदान बघून मात्र थबकल्या. कडेला त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिथे चपला घालून जाणं बरं दिसत नव्हतं.

तासभर त्या माळीकाकांबरोबर फिरल्या. फवारे मोजले, पाइप कुठून कुठे गेलेत ते पाहिलं, डब्यातली एकेक पावती लाल पेनाने टिक केली.

"तुमचा पगार किती?" त्यांनी काकांना विचारलं.

"अठ्ठावीस हजार."

"आणि खात्यात आले ते चौदा लाख?"

"ते मैदानाचे, बाई. माझे कसे असतील?"

शेठ मागून बिनचूकरावांच्या कोपराला चिमटे काढत होते. एवढ्यात रूळ ओढत तोफ समोरून गेला.

"हे कोण?"

"आमचा स्ट्रायकर," शेठ घाईने म्हणाले.

"तुमचा पगार किती हो?"

"अठ्ठावीस हजार," तोफ म्हणाला.

"पुरतो?"

"नाही पुरत. पण सध्या खेळही तेवढाच आहे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. आता मात्र बिनचूकरावांना राहवेना. शेठच्या चिमट्यातून कोपर सोडवून घेत ते पुढे झाले आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं चुकीने झालंय. माझ्या चुकीने." आणि त्यांनी पुन्हा नळवाल्यापासून सगळी कथा सांगितली. शेठनी कपाळावर हात मारला तो आवाज स्टँडपर्यंत घुमला.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "या महिन्यात स्ट्रायकरच्या हातात किती पडले?"

"अठ्ठावीस हजार."

"मैदानावर खर्च झाले?"

"झाले. साडेतेरा लाखांच्या वर."

"मग तुमचा फॉर्म बरोबर आहे."

"पण मॅडम, माझ्या मनात तसं नव्हतं!"

"आमच्या फॉर्ममध्ये मनाला रकाना नाही," बाई म्हणाल्या. "मात्र राहिलेला पगार या महिन्यात त्यांना दिलात, तर टक्केवारी सत्तरच्या वर जाईल आणि गुण कापले जातील. ते तुमचं तुम्ही बघा." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि त्या गेल्या.

बिनचूकरावांना डोक्यावरची पाण्याची टाकी उतरल्यासारखं वाटलं. शेठचा मात्र मूळ स्वभाव जागा झाला. त्यांनी तिथेच, रुळाला टेकून, तोफेशी नवा करार केला. राहिलेला पगार सोडून द्यायचा, महिन्याला अठ्ठावीस हजार, आणि वर प्रत्येक गोलामागे रोख दोन लाख. तोफेने आनंदाने सही केली.

"गोलामागे दोन लाख म्हणजे जरा जास्तच नाही का झाले?" बिनचूकरावांनी नंतर विचारलं.

"अरे, तो गोल करतो कुठे?" शेठ डोळा मारून म्हणाले. "आकाशातला चंद्र दोन लाखांना विकल्यासारखं आहे ते."

सत्तावीस तारखेला सामना होता. पाहुणा क्लब होता फरशीशेठचा. ते गृहस्थ फरश्यांचे मोठे कारखानदार, आणि गादीशेठचं नि त्यांचं फारसं जमायचं नाही, कारण गादी जमिनीवर टाकली की फरशी झाकली जाते. दोघे स्टँडमध्ये पुढेमागे बसले. गादीशेठच्या शेजारी बिनचूकराव, मांडीवर वही घेऊन.

नवव्या मिनिटाला तोफेने पहिला गोल केला. कुणाला खरंच वाटेना. पूर्वी या मैदानावर चेंडू पायाशी येईपर्यंत तीन उड्या मारायचा आणि चौथी कुठे मारेल ते त्यालाही ठाऊक नसायचं. आता तो ओट्यावरून घरंगळल्यासारखा सरळ येत होता. आणि तीन आठवडे रूळ ओढलेल्या पायांना चेंडू म्हणजे कापसाचा बोळा. शेठ उभे राहून नाचले.

"सदुसष्ट पूर्णांक अठ्ठावीस," बिनचूकरावांनी वहीत लिहिलं.

मध्यंतरानंतर लगेच दुसरा. शेठनी बिनचूकरावांना मिठी मारली.

"एकोणसत्तर पूर्णांक अठ्ठावीस," मिठीतून आवाज आला.

शेठचे हात सैल झाले. "आणि अजून एक झाला तर?"

"एकाहत्तर पूर्णांक अठ्ठावीस."

"म्हणजे?"

"म्हणजे सहा गुण."

शेठ खाली वाकून प्रशिक्षकाच्या दिशेने ओरडायला लागले. "काढा! त्याला बाहेर काढा! बस करा म्हणावं!" प्रशिक्षकाला वाटलं, शेठ उत्साहाने वेडे झालेत, त्याने हात हलवून दाद दिली. शेठ जिन्याने खाली धावले. निम्म्यात पोचले तेव्हा तोफेकडे चेंडू गेला होता.

"मारू नको रे!" शेठनी बोंब ठोकली. "पाय मुरगळल्यासारखं कर! बस खाली!"

पण चार हजार लोक "मार! मार!" म्हणून ओरडत होते, त्यात एका मालकाचा आवाज तो कितीसा लागणार? तोफेने मारला. जाळं फुगलं. सगळं मैदान उडी मारून उभं राहिलं आणि त्या गर्दीत दोनच माणसं डोक्याला हात लावून खाली बसली. एक जिन्यावर, एक खुर्चीत.

सामना संपला तीन-शून्य. लोक तोफेला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि कचेरीत गादीशेठ नि बिनचूकराव सुतकी चेहऱ्याने बसले होते, एवढ्यात दार लोटून फरशीशेठ आत आले. हरल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. ते कामाला आले होते.

"तीन-शून्य जिंकलात आणि तोंडं अशी? याला म्हणतात शिस्त," ते म्हणाले. "गादीशेठ, सरळ बोलतो. समितीच्या पत्रकात वाचलं, तुमच्याकडे चौदा लाखांचा माळी आहे. मी हसलो होतो. आज गवत पाहिलं. माझ्या मैदानावर चेंडू बेडकासारखा उड्या मारतो. मला तुमचा माळी हवाय. दहा लाख देतो क्लबाला, त्याचा पगार वेगळा."

बिनचूकराव उठून उभे राहिले. "साहेब, तुमचा गैरसमज होतोय. काकांना अठ्ठावीस हजारच पगार आहे. ते चौदा लाख माझी लिहिण्यात चूक झाली."

फरशीशेठनी त्यांच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "तुम्हाला बिनचूक म्हणतात ना? आणि तुमची चूक झाली? बरं, बारा."

"खरंच हो. नळवाला आला होता घरी..."

"पंधरा. आणि नळवाला मध्ये आणू नका."

आता गादीशेठच्या डोळ्यांत चमक आली. बिनचूकरावांना त्यांनी हळूच पुढे ढकललं. "बोल बोल. अजून काय खरं आहे ते सांग साहेबांना."

"काकांनी याआधी बावीस वर्षं साध्या कात्रीने गवत कापलंय," बिनचूकराव काकुळतीला येऊन म्हणाले. "यंत्र तर याच महिन्यात आलं."

"कात्रीने!" फरशीशेठ भारावून गेले. "म्हणजे कलाकार आहे. वीस. यापुढे एक पै नाही."

माळीकाकांना बोलावलं. त्यांनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"सध्या काय पडतं महिन्याला?" फरशीशेठनी विचारलं.

"अठ्ठावीस हजार," काका म्हणाले.

"सगळे एकाच शाळेत शिकलेत!" फरशीशेठ मांडीवर थाप मारून हसले. "आमच्याकडे पंधरा लाख घ्या. गवताचा खर्च आहे, त्या सत्तरात धरतच नाहीत. मला काय अडचण?"

काका गोंधळले. "त्यात माझे किती आणि मैदानाचे किती?"

"सगळे तुमचे!"

"मग मैदानाला काय?"

"ते बघू," फरशीशेठ म्हणाले.

'बघू' म्हटल्यावर काकांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. घरी बायको म्हणाली, जा, पण गुरुवारी घरी यायचं. तेवढ्यावर ठरलं.

दुसऱ्या दिवशी बिनचूकरावांनी समितीला फोन लावला. "मॅडम, माळी विकल्याचे पैसे या महिन्याच्या उत्पन्नात धरता येतात का?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "यापूर्वी कुणी विकला नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "फॉर्ममध्ये 'इतर' म्हणून रकाना आहे, त्यात घाला." घातले. आकडा एकोणसाठ पूर्णांक चार झाला. या वेळी बिनचूकरावांनी तो अकरा वेळा तपासला आणि बाराव्यांदा बायकोकडून तपासून घेतला.

तीस तारखेला काका निघाले. यंत्र कसं चालवायचं ते त्यांनी तोफेला शिकवलं होतं. तोफेला आता मैदानावर राबल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नव्हती. फाटकाशी फरशीशेठची लांबलचक गाडी उभी होती. गादीशेठनी काकांच्या गळ्यात हार घातला, फोटो झाले. काका मागच्या सीटवर अंग चोरून बसले, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन. गाडी सुरू झाली तशी त्यांनी काच खाली केली आणि बिनचूकरावांना जवळ बोलावलं.

"साहेब, एक विचारू? तिकडचे हिशेबनीस कसे आहेत?"

"फार हुशार माणूस आहे, काका. मी ओळखतो."

"चुकतात का हो कधी?"

"छे! जन्मात नाही."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि खिडकीतून मैदानाकडे एकदा वळून पाहिलं.

"मग तिथल्या गवताचं काही खरं नाही, साहेब," ते म्हणाले.